इरूकटोल्याचा रकाना

मोहगुंड्याच्या आश्रमशाळेत दर सोमवारी प्रार्थना संपली, की एकशे ब्याऐंशी मुलं ओळीनं पुंगी वाजवत. वाजवत म्हणजे, आवाज काही यायचा नाही. श्वासमापक नावाचं ते यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. प्रत्येक मुलाची नाव घातलेली नळी असे. ती यंत्राला जोडायची, फुंकायचं आणि दिव्याकडे बघायचं. हिरवा लागला तर वर्गात, लाल लागला तर मुख्याध्यापिका गेडाम मॅडमच्या टेबलापाशी, गोळ्या घ्यायला. परिपत्रकात या प्रकाराला 'शाळाधारित हिवताप संनियंत्रण व मूल्यमापन' असं भारदस्त नाव होतं. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याची पुंगी करून टाकली, आणि महिन्याभरात अधिकारीही फोनवर "तुमची पुंगी आली नाही अजून" असं म्हणू लागले.

यंत्रामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशींत वाढू लागला, की माणसाच्या श्वासातल्या काही वायूंचं प्रमाण किंचित बदलतं. आपल्या नाकाला ते कळत नाही. यंत्रातल्या नखाएवढ्या पट्टीला मात्र कळायचं. सुई नको, रक्त नको, चार सेकंदांत निकाल.

आणि हे शाळेतच का? तर हिवताप जिथं पिढ्यानपिढ्या मुक्कामाला आहे, तिथं आठ-दहा वर्षांच्या मुलाचं शरीर त्याच्याशी अर्धामुर्धा तह करून बसतं. परजीवी रक्तात असतो, पण ताप येत नाही. मूल खेळतं, भात खातं, फळा पुसतं आणि चावणाऱ्या प्रत्येक डासाला परजीवीचा शिधा देत राहतं. तापाचे रुग्ण मोजणाऱ्या दवाखान्याला असं मूल कधी दिसतच नाही. त्याच डासानं घरातल्या तीन वर्षांच्या भावंडाला गाठलं, तर मात्र त्या लहानग्या शरीराला तह करायला वेळ मिळालेला नसतो. ताप डोक्यात गेला, की दोन दिवसांत झटके येतात आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपतं. तेव्हा रोग शोधायचा तर मुलं जिथं आपण होऊन जमतात, तिथंच फुंकर घ्यावी. शंभरात किती लाल, तो शाळेचा निर्देशांक. निर्देशांक चढला तर फवारणी फसली, उतरला तर साधली. शाळा म्हणजे तालुक्याच्या काखेत ठेवलेला थर्मामीटर. कल्पना खरोखर चांगली होती. फक्त तो थर्मामीटर वाचणाऱ्यांना ताप निघायला नको होता.

मोहगुंड्यात या थर्मामीटरची आणखी एक गंमत होती. यंत्र सांभाळायच्या प्रमिला गेडाम, आणि त्या यंत्रानं ज्यांच्या कामाला गुण द्यायचे ते हिवताप पर्यवेक्षक होते दौलत गेडाम, म्हणजे त्यांचेच यजमान. नवऱ्याचे पेपर बायकोनं तपासायचे, हे घरोघरी चालतंच. इथं ते शासनमान्य होतं, इतकंच. दौलत चौदा वर्षं कंत्राटावर होता. तालुका हिवतापमुक्त जाहीर झाला, की कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. त्यासाठी तीन वर्षं सलग हिरवा निर्देशांक लागत होता. तिसऱ्या वर्षाची शेवटची मोजणी आता नोव्हेंबरच्या अखेरच्या सोमवारवर आली होती. त्यानंतर जाहीर समारंभ. आणि समारंभानंतर फवारणीची पथकं, तपासणीच्या पट्ट्या, औषधांचा साठा हे सगळं दुसऱ्या तालुक्यात.

दिवाळीची सुट्टी संपून मुलं परतली, त्या सोमवारी इरूकटोल्याची पाचच्या पाच मुलं लाल निघाली.

इरूकटोला म्हणजे नाल्यापलीकडच्या जंगलातली एक्केचाळीस घरं. सहावीतली मैनी पुंगाटी तिथलीच. वर्षात तिसऱ्यांदा लाल. ती टेबलापाशी उभी राहून गोळी गिळत होती, अंगात ताप नाही, डोळ्यांत झोप तेवढी.

"घरी कोणाला बरं नाही का गं?" मॅडमनी विचारलं.

"लच्चू मधूनमधून थरथरते, मॅडम. माझा भाऊ. तीन वर्साचा हाय. आई म्हणते, देव लागला."

"फवारणीवाले काय म्हणाले?"

मैनीला प्रश्नच कळला नाही. "ते येत नाहीत. आमच्याकडचा मलेरिया संपला म्हणे."

प्रमिलाबाईंना राग आला तो आधी मैनीचाच. तीन वर्षं त्या स्वतःच्या हातानं इरूकटोल्याचे लाल लिहीत होत्या, आणि ही पोरगी म्हणते संपला! त्यांनी यंत्राला जोडलेला टॅब उघडला. इरूकटोला टाईप केलं. उत्तर आलं : 'शाळा नाही. निर्देशांक लागू नाही. नजीकची शाळा : मोहगुंडा. स्थिती : हिरवी.'

मोहगुंडा उघडलं. चालू वर्षातले लाल : शून्य.

या वर्षी त्यांनी त्रेसष्ट मुलांना गोळ्या दिल्या होत्या. रजिस्टर समोरच होतं, त्रेसष्ट सह्यांचं. त्यांनी टॅबवर बोट घासलं, जणू शून्यावर धूळ बसली असेल. मग खाली बारीक अक्षरात सापडलं : 'बाहेरून आलेले : ६३. मूल्यमापनात धरलेले नाहीत.'

नोंदीच्या अर्जात एक रकाना होता, 'मूळ गाव'. गेडाम मॅडम नोंदींच्या बाबतीत कडक. प्रत्येक वसतिगृहातल्या मुलाचं गाव त्यांनी प्रवेशाच्या रजिस्टरावरून पाहून, टोल्यासकट, शुद्ध लिहिलं होतं. इतर मुख्याध्यापक कंटाळा करत आणि सगळीकडे शाळेचंच गाव ठोकून देत. त्यांच्या शाळा लाल होत्या आणि त्यांना नोटिसा गेल्या होत्या. मॅडमना आदर्श नोंदींबद्दल सन्मानपत्र मिळालं. वर तालुक्याच्या बैठकीत त्यांना उभं करून ती पद्धत सगळ्यांना शिकवायला लावली होती. त्यांनी ती मन लावून शिकवली. पहिलं वर्ष संपायच्या आत तालुका हिरवागार झाला.

म्हणजे हिशेब असा. वसतिगृहातली एकशे त्रेपन्न मुलं लाल झाली, तर तो त्यांच्या टोल्यांचा दोष. टोल्यांवर शाळा नाहीत, तेव्हा दोष लिहायला जागा नाही. उरली गावातली एकोणतीस मुलं, त्यांच्या घरांवर फवारणी होते, ती हिरवी. आणि ती हिरवी म्हणून बारा किलोमीटरच्या आतले सगळे टोले हिरवे. लाल टोल्यांतून निघायचा, तो कुठंच पोचायचा नाही. हिरवा मात्र शाळेतून निघून टोल्यांवर बिनबोभाट पोचायचा.

संध्याकाळी दौलत जेवायला बसला. प्रमिलाबाईंनी भाजी वाढली आणि विचारलं, "इरूकटोल्याले शेवटची फवारणी कवा केली तुम्ही?"

घास हातातच राहिला. "यादीत नाही तो टोला."

"यादी नाही विचारली मी."

"दोन वर्सं झाली असन."

"अन् तिथं मलेरिया हाय, हे माहीत होतं तुम्हाले?"

"मले नाही तं कोणाले माहीत राहीन? चौदा वर्सं त्याच पायवाटा तुडवून रायलो."

"मंग बोलले काहून नाही?"

"बोललो ना! जिल्ह्याच्या साकोरे साहेबाले दोनदा बोललो. तो म्हणे, गेडाम, आकड्यात दाखवा. आता आकडा कोणाजवळ हाय? तुझ्याजवळ. तू तं शून्य पाठवतेस."

"मी शून्य नाही पाठवत! त्रेसष्ट लाल पाठवले मी!"

"'मूळ गावा'त टाकून पाठवले ना? ते पाठवणं कोण्या कामाचं?" दौलत थांबला. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज खाली आला. "तुले... माहीत नव्हतं का?"

"काय माहीत नव्हतं?"

"मले वाटलं, तू समजून-उमजून करतेस. माझ्या नोकरीसाठी. म्हणून मी कधी विषय काढला नाही." मग जरा लाजून म्हणाला, "मनात म्हटलं, बायको बोलून दाखवत नाही, पण करते."

प्रमिलाबाई एवढ्या संतापल्या, की त्यांना आधी हसूच आलं. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं मनातल्या मनात त्यांचे आभार मानले होते ते एकदाच, आणि तेही या पापाबद्दल!

"तुमच्यासाठी मी पोरायचा रोग लपवीन, असं वाटलं तुम्हाले? अन् ते वाटून तुम्ही निवांत जेवले? दोन वर्सं?"

"निवांत नाही जेवलो."

"वजन वाढलं तुमचं!"

 दौलतनं ताट सरकवलं.

शुक्रवारी समारंभाची जागा पाहायला हिवताप मोहिमेचे जिल्हा व्यवस्थापक साकोरे साहेब आले. तरतरीत, गोड बोलणारा माणूस. शाळेच्या पटांगणात मंडप कुठं, पाहुण्यांची गाडी कुठं, मुली फुलं घेऊन कुठं, हे त्यांनी पावलं टाकून मोजलं. मॅडमनी त्रेसष्ट सह्यांचं रजिस्टर पुढं ठेवलं. साहेबांनी ते चाळलं आणि अक्षराचं कौतुक केलं.

"सर, ही मुलं धरा मोजणीत."

"मॅडम, बाहेरून आलेला रुग्ण स्थानिक कामगिरीवर लादता येत नाही. शास्त्रीय तत्त्व आहे ते. तुमच्या यजमानांवर अन्याय होईल."

"बाहेरून म्हणजे परदेशातून नाही आली ती. नाला ओलांडून आली. तत्त्व मला मान्य आहे, सर. मग ती टोल्याच्या नावावर धरा."

"टोल्याचा निर्देशांक निघत नाही. निर्देशांक शाळेचा निघतो."

"तिथं शाळा नाही."

"बघा, तुम्हीच म्हणालात."

"होती, सर. पट अकरा होता. आठ वर्षांपूर्वी तुम्ही लोकांनी ती बंद केली."

"बंद नाही, समायोजन," साहेबांनी सुधारलं. शब्दांच्या बाबतीत ते हळवे होते. "आपण कुठलीही शाळा बंद करत नाही, मॅडम. विधिमंडळात तसं उत्तर द्यावं लागतं. कागदावर ती 'तात्पुरती बंद' आहे. यंत्राच्या यादीतसुद्धा तिचा सांकेतांक जिवंत असेल बघा." ते स्वतःच्याच हजरजबाबीपणावर हसले. "तीस मुलं द्या, आम्ही उद्या उघडतो."

"आणि तोवर तिथलं लहान मूल गेलं तर ते कोणाच्या नावावर?"

साकोरे साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, तीन वर्षं किती लोकांनी मेहनत घेतली आहे. आनंदाच्या प्रसंगी असं बोलू नये."

ते गेल्यावर प्रमिलाबाईंनी टॅबची यादी खाली खाली सरकवली. मोहगुंडा, मोहगुंडा वसतिगृह, आणि मग राखाडी अक्षरांत : 'प्राथमिक शाळा, इरूकटोला. तात्पुरती बंद.' त्यावर बोट ठेवलं. एक चौकट उघडली : 'शाळा सुरू करायची आहे का? किमान तीस विद्यार्थी, वय सहा ते चौदा. मुख्याध्यापकाची उपस्थिती आवश्यक. वेळ : दुपारी एकपर्यंत.'

अखेरच्या सोमवारी मोहगुंड्याची मोजणी त्यांनी साडेसातलाच उरकली. एकोणतीस हिरवे, शून्य गेलं. मग यंत्र पिशवीत घातलं, मैनीला बरोबर घेतलं आणि शाळा कुमरे सरांवर सोपवून फाटकाबाहेर आल्या, तर दौलत मोटरसायकल चालू करून उभा. आठवडाभर दोघांत बोलणं नव्हतं.

"तुम्ही कुठं निघाले?"

"नाल्याची उतरण तुले माहीत नाही. पडशीन. यंत्र फुटन, सरकारी हाय."

"लाल लागले तं कोणाच्या नावावर लागतीन, माहीत हाय ना? तिथला पर्यवेक्षक कोण हाय?"

"मीच हाय. बस मागं."

नाल्यापर्यंत गाडी, पुढं पायी. साडेदहाला ते टोल्यावर पोचले, तर टोला जवळजवळ रिकामा. धानाची कापणी चालू होती, सगळे शेतात. जुनी शाळा मात्र उभी होती. तिच्यात कोणीतरी पेंढा भरला होता आणि भिंतीवर 'शाळेची घंटा वाजली' अशी अर्धी ओळ उरली होती. मैनीनं आईला हाक मारली. पेडीबाई घरातून आली ती कमरेवर लच्चूला घेऊनच. पोराची मान तिच्या खांद्यावरून मागं लोंबत होती.

दौलतनं पिशवीच्या तळातून तपासणीची पट्टी काढली. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब ठेवला. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. दुसरी रेघ पाच मिनिटांतच उमटली. जीवघेण्या जातीचा हिवताप. त्यानं गोळी कुस्करून पाण्यात पाजली. लच्चूनं ती ओकून टाकली. त्यानं पुन्हा पाजली आणि पोराला मांडीवर धरून बसला. इतक्या मऊपणे तो कधी कोणाशी बोललेला प्रमिलाबाईंनी ऐकला नव्हता. "ठेव ना गा पोटात. ठेव. एवढी एक ठेव."

यंत्र लच्चूच्या कामाचं नव्हतं. सहाच्या आतलं मूल त्याला फुंकता येत नाही, म्हणून ते त्याला मोजत नाही.

दुसरी मात्रा पोटात राहिली; वाटेतल्या हिसक्यांनी ती ओकू नये, म्हणून दौलत पोराला घेऊन तसाच बसला. तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि फुंकणारी मुलं होती सात. मैनी धावत शेतांकडे गेली. पोरं येऊ लागली, विळे हातात घेऊनच. ही मुलं कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हती; मोहगुंडा लांब, नाला मधे, धाकटी भावंडं घरी. प्रमिलाबाईंनी त्यांना पेंढ्यावर रांगेत बसवलं, नळीला नाव घातलं, फुंकायला लावलं. लाल. हिरवा. लाल. लाल. एक पोरगी दिवा लाल झाला म्हणून खूश होऊन टाळ्या वाजवू लागली, तेव्हा मॅडमनी चष्मा पुसायला काढला.

साडेबाराला एकोणतीस झाली. यंत्रावर आकडा थांबला तो थांबलाच.

शेवटी मैनी एका उंच, मिसरूड फुटू पाहणाऱ्या पोराला हाताला धरून ओढत घेऊन आली. तो दारातच अडला. "मी शाळेत जात नाही."

"वय काय तुझं?"

"चौदा."

"कधी गेला होतास शाळेत?"

"पहिलीत होतो. इथंच. मंग एक दिवस आलो तं कुलूप होतं." त्यानं दाराकडे पाहिलं, जणू ते कुलूप अजून तिथंच असेल. "कोणी सांगितलंच नाही काही."

प्रमिलाबाईंनी आतापर्यंत कुठल्याही लाल दिव्याकडे पाहिलं नसेल एवढ्या रागानं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो राग त्याच्यावर नव्हता हे त्यालाही कळलं. "नाव सांग. हजेरी लावते."

तो तिसावा. बारा पंचावन्न. तिसांत एकोणीस लाल.

टोल्यावर रेंज येते त्या एकमेव उंबराखाली धावत जाऊन प्रमिलाबाईंनी टॅबवरून नोंद पाठवली, आणि नकाशावर जिथं कालपर्यंत नुसतं हिरवं पसरलं होतं, तिथं एक लाल ठिपका उमटला. खाली यंत्रानं आपण होऊन लिहिलं : 'तातडीचे क्षेत्र. फवारणी, औषधसाठा व मच्छरदाण्या आठ दिवसांत. अट : शाळा सुरू असणे आवश्यक.' तालुक्याचं प्रमाणपत्र रोखल्याची ओळ त्याच्या खाली होती.

दहा मिनिटांत फोन आला.  प्रमिलाबाई अजून उंबराखालीच होत्या.

"मॅडम, हे काय करून ठेवलंत?" साकोरे साहेबांचा गोडवा घाईत कुठं तरी सांडला होता. "मंडपवाला आला आहे इथं! कोणाच्या आदेशानं शाळा उघडलीत?"

"तुम्हीच म्हणालात, तीस मुलं द्या, उघडतो. तीस दिली."

"अहो, बोलण्याची पद्धत असते ती! हे पाहा, अजून वेळ गेलेली नाही. 'शाळा बंद' हे बटण दाबा. प्रायोगिक नोंद होती, असं आपण दाखवू. नाहीतर तुमच्यावर कारवाई आणि यजमानांचं नाव यादीतून... तुम्ही समजता."

"समजते. एक विचारू? लाल मुलं एकोणीस आहेत. बटण दाबलं तर ती हिरवी होतात का?"

"नोंदीत होतात."

"मग नोंद घेऊन इथं या, सर. एकेकाला दाखवून सांगा. तुम्हाला यांची भाषा येत नसेल, तर मैनी सांगेल समजावून." आणि त्यांनी फोन ठेवला. 

दौलत लच्चूला खांद्यावर घेऊन निघण्याच्या तयारीत होता. पेडीबाई मागं बसणार, पोराला दवाखान्यात न्यायचं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"गेली म्हणजे यादी," तो म्हणाला.

"गेली."

"अन् तू? चाल. नाल्यापर्यंत तरी सोबत."

"मी नाही येत. शाळा सुरू पाहिजे ना आठ दिवस. मी गेले की हे पुन्हा 'तात्पुरती बंद' करून ठेवतीन."

"आठ दिवस? मोहगुंड्याचं काय?"

"कुमरे सर हायत. त्यायले वळण लागू द्या."

"अन् माझ्या जेवणाचं?"

"दोन वर्सं निवांत जेवले तुम्ही." पण हे म्हणताना त्यांनी लच्चूच्या अंगावरची चादर नीट खोचली, आणि ती खोचताना हात नवऱ्याच्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला. "पोराले सोडा, अन् परत या. येताना पंप आणा, औषध आणा, जे भेटन ते. आदेशाची वाट पाहू नका. माझ्या शाळेचा निर्देशांक त्रेसष्ट टक्के हाय, गेडाम साहेब. पर्यवेक्षकाचं काम अतिशय असमाधानकारक हाय, अन् तसंच मी लिहून पाठवणार हाय."

दौलतनं मान डोलावली. पोराला सावरत तो उतरणीला लागला, पेडीबाई मागं.

प्रमिलाबाई शाळेत परतल्या. तिसांपैकी एकही मूल उठून गेलं नव्हतं. गोळ्या मिळाल्या, फुंकून झालं, आता काय, हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती बसून होती. तो चौदा वर्षांचा पोरगा पेंढा उचलून बाहेर टाकत होता. मॅडमनी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं पेंढा उचलायला सुरुवात केली.